गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या) घराण्याचं मूळ डीएनएतून शोधताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे १२ मार्करची (डीएनएतल्या फक्त १२ जागा तपासणारी) स्वस्त वाय-डीएनए टेस्ट, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची टेस्ट करून थेट राजवंशात जाऊन बसणं. आमच्या चुलत सासऱ्यांचंच बघा, घराणं वायव्य आयर्लंडातल्या डोनेगलचं, ट्रिनिटी कॉलेज डब्लिनचा २००६ चा अभ्यास त्यांनी कुठेतरी वाचला होता, की वायव्य आयर्लंडमधल्या साधारण पाचातल्या एका पुरुषात एकच पितृवंश सापडतो आणि तो आयर्लंडच्या जुन्या नायल राजाचा असावा. झालं, टेस्टमध्ये ढिगाने मॅच आले आणि काका नायलचे वंशज! कुळचिन्हाची फ्रेम भिंतीवर, नातवंडांना टीशर्ट. अहो, आयर्लंडमध्ये आर१बी हा पितृवंशाचा गट इतका कॉमन आहे की १२ मार्करवर कोणीही कोणाशी जुळतं, सामाईक पूर्वज हजारो वर्षं मागचा असू शकतो. मी मागे लागून बिग वाय (वायची सखोल टेस्ट) करायला लावली तर एम२२२ (नायलशी जोडली जाणारी शाखा) निगेटिव्ह, एल२१ ची (आर१बीच्या एका मोठ्या फांदीची) भलतीच शाखा. आणि पॉझिटिव्ह आली असती तरी काय, एम२२२ ही शाखा नायलच्याही आधीची आहे, दक्षिण स्कॉटलंडातही भरपूर सापडते. पण उतावळ्या माणसाला हे ऐकायचंच नसतं.

आडनाव म्हणजे रक्त, हाही तसलाच गैरसमज. स्कॉटलंडचे मॅकडोनल्ड सरदार ज्याचे वंशज, तो सॉमरलेड ११६४ मध्ये मारला गेला, परंपरा त्याला गेलिक राजांच्या वंशातला म्हणते पण वंशजांचा वाय-डीएनए आर१ए (वेगळाच गट) निघाला, म्हणजे बहुधा नॉर्स, व्हायकिंगांकडचा. आणि आज मॅकडोनल्ड लावणाऱ्या बहुतेक पुरुषांत तोही नाही, कारण सरदाराच्या आश्रयाला आलेले लोक त्याचंच नाव लावायचे.

टेस्टच्या निकालातले '७८% आयरिश' वगैरे टक्के बघून स्थलांतराचे नकाशे काढू नका.

वायही सगळा वंश सांगत नाही: दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज, वाय त्यातल्या एकाचाच.

उत्तर आयर्लंडजवळच्या रॅथलिन बेटावरच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत एल२१ सापडला, म्हणून ते तुमचे खापरपणजोबा होत नाहीत. त्या सांगाड्यांच्या डीएनए अभ्यासातलीच बेलफास्टजवळची बॅलिनाहॅटीची बाई त्यांच्याहून हजारेक वर्षं जुनी, आणि तिचे बरेचसे पूर्वज मध्यपूर्वेकडून आलेले शेतकरी, तर रॅथलिनवाल्यांत स्टेपच्या (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या) लोकांचा मोठा वाटा. म्हणजे आयर्लंडात माणसं लाटांनी आली, सगळे गेल (गेलिक लोक) एकाच होडीतून उतरले नाहीत.

मी आधी कागद बघते. १९२२ च्या आगीत डब्लिनचं रेकॉर्ड ऑफिस जळालं तरी १९०१ आणि १९११ ची जनगणना शाबूत आहे, ऑनलाइन फुकट आहे. मग त्याच पुरुषवंशातला एक लांबचा चुलतभाऊ शोधून दोघांची टेस्ट करते, आणि दोघांचं जुळलं तरच बिग वायला पैसे घालते.