चिकलठाण्याहून दिल्ली किती लांब? विमानाचं अंतर आणि वेळ असा काढा

आधी एक पक्कं करा: अंतर शहरांमधलं नव्हे, विमानतळांमधलं मोजायचं. हैदराबादचं शमशाबाद विमानतळ शहराबाहेर आहे, त्यामुळे शहराचं नाव टाकून काढलेल्या अंतरात वीसेक किलोमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून अंतर शोधताना विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. शहराचं नाव बदललं तरी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा कोड आयएक्सयू हाच आहे; नांदेडचा एनडीसी.

मोबाइलच्या नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. चिकलठाणा १९.८६ आणि ७५.४०, दिल्ली २८.५६ आणि ७७.१०. अक्षांशांतला फरक ८.७०, एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणून ९६६ किमी. रेखांशांतला फरक १.७०. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे इथे १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. २४ अंशांसाठी ती किंमत ०.९१, म्हणजे १७२ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ: सुमारे ९८१ किमी.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे अंश-मिनिटं दशांशात तशीच लिहिणं. १९ अंश ५१ मिनिटं म्हणजे १९.५१ नव्हे, ५१ ला ६० ने भागा, १९.८५ येतं. एवढ्याने उत्तर-दक्षिण जागा ३८ किलोमीटरनं सरकते. दुसरं, काही ठिकाणी अंतर नॉटिकल मैलांत देतात. त्याला १.८५२ ने गुणा.

देशातल्या प्रवासाला ही रीत पुरते. मुंबई-लंडनसारख्या पल्ल्याला मात्र ग्रेट सर्कलचं (गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाचं) कॅल्क्युलेटरच वापरा, कारण पृथ्वीची गोलाई तिथे उत्तर बिघडवते.

आता वेळ. जेट विमानासाठी अंतराला ८०० ने भागा आणि चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं यासाठी ३० मिनिटं मिळवा. दिल्लीसाठी ७४ अधिक ३०, म्हणजे पावणेदोन तास. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ५०० ने भागा. मुंबईचं सरळ अंतर २८० किमीच आहे, जेटच्या हिशेबाने ५१ मिनिटं. तरी वेळापत्रकात तासाहून जास्त दिसू शकतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. नियोजन तिच्यावरच करा. हिशेबाची वेळ फक्त पडताळणीला.

वारा आणि हवाई हद्द दोन्ही वेळ बदलतात. वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला.

परदेशी तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईहून १०:०० ला निघून दुबईला ११:४० ला पोचलात, तर प्रवास १ तास ४० मिनिटांचा नाही. दुबई दीड तास मागे आहे, म्हणजे ३ तास १० मिनिटं.

घरापासूनचा वेळही याच कागदावर मांडा. विमानतळ जालना रोडवर शहराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे जालन्याहून येणाऱ्यांना शहरात शिरावं लागत नाही. बीडहून येणाऱ्यांनी रस्त्याला तीन तास धरावेत आणि देशांतर्गत उड्डाणाच्या दोन तास आधी पोचावं. मुंबईत पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर सामान घेऊन, टर्मिनल बदलून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. तिथे चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.