बायकांचं भजनी मंडळ काढताय? आधी पट्टी ठरवा

सिडकोत आमचं मंडळ आहे, पेटी मी वाजवते. नवीन मंडळ काढणाऱ्या बायका आधी साड्यांचा रंग ठरवतात. राहू द्या तो. आधी पट्टी ठरवा, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून म्हणायचं ते.

बायकांचा गळा बहुधा काळी चार-पाचला, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला, मोकळा लागतो. पण साठी ओलांडलेल्या काकूंना वरचा सा झेपत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून म्हणायचं तर काळी तीन बरी. पुरुष मंडळाचा उसना पखवाज काळी एकला चढवलेला असेल, तर त्याच्या नादी लागू नका. खाली घोगरं, वर किंचाळणं, दोन्ही नशिबी येतं.

पखवाजाला आपल्यातलीच एखादी तयार करा. ‘हे बायकांचं वाद्य नाही’ हे ऐकून घ्यायचं आणि थाप मारायची. डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याच्या तोंडाला, मधोमध ओली कणीक लावतात. ती पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवी, तेल अजिबात नको. थाप मारून बघा. आवाज कोरडा आला तर अजून थोडी थापा, दबला तर काढा. भजन संपलं की लगेच खरवडा, वाळली की पुडीची वाट लागते. (कणीक मळायला तरी कुणी शिकवायला नको!)

अभंगांत जनाबाई, मुक्ताबाई हव्यातच. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाणार असाल तर ताटीचे अभंग बसवा. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना धाकटी बहीण समजावते, ते म्हणताना आमच्या बायकांना वेगळाच जोर चढतो.

मंडळ फुटतं ते पुढे कोण म्हणणार यावरून. वहीत पाळी लिहा. जिचा गळा गोड तिलाच दर वेळी पुढे बसवलंत, तर मागच्या चौघी हळूहळू यायच्या बंद होतात.

आणि निवडणूक. स्थानिक संस्थांत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तेव्हा आपल्यातलीच कुणी उभी राहणार हे धरून चाला. तिच्या प्रचाराला मैत्रीण म्हणून खुशाल जा. टाळ आणि मंडळाचा बॅनर मात्र घरी. तिच्या विरोधातली वहिनीसुद्धा गुरुवारी आपल्याच सतरंजीवर बसते. कुणी पेटी, स्पीकर देऊ केला तर ‘निकाल लागला की आणा’ म्हणायचं. आमचा स्पीकर शेवटी वर्गणीतूनच आला.