रोबोटवर चालवताना या चुका टाळा

सांगलीत पेशंटला आता चालायचा सराव करून घेणारा रोबोट ठाऊक झालाय. नातेवाईक आल्याआल्या विचारतात, "मशीनवर कधी घेणार?" नवे फिजिओही त्याच घाईत असतात, आणि सगळ्यात मोठी चूक तिथूनच सुरू होते.

ती चूक गायडन्स फोर्सची, म्हणजे मशीन पेशंटचा पाय किती जोरानं हलवतं त्याची. लोकोमॅटसारख्या मशीनवर गायडन्स १०० टक्के ठेवला की पेशंटनं काही केलं नाही तरी पाय चालत राहतात. तासगावकडचे एक द्राक्षबागाईतदार काका होते, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. माझ्या ज्युनिअरनं तीन आठवडे गायडन्स पूर्ण ठेवला, निम्मं वजन हार्नेसवर, म्हणजे अंगाला बांधून वरून टांगलेल्या पट्ट्यांवर. मी रोज नुसता पावलांचा आकडा बघायचो, तो वाढत होता. एक दिवस काकू म्हणाल्या, "मशीनवर हजार पावलं टाकत्यात, पण मोरीचा उंबरा ओलांडता येईना." तीन आठवडे पाय रोबोट हलवत होता, काका नव्हे. ती माझी चूक होती, आजही सलते.

तेव्हापासून मी दुसऱ्या-तिसऱ्या सेशनलाच गायडन्स आणि हार्नेसचा आधार थोडा थोडा उतरवतो. टेकलेल्या पायाचा गुडघा दुमडला किंवा पाऊल घासलं, की एक पायरी मागे. "आता तुम्ही उचला" हे तोंडानं सांगत राहतो. शेवटची दहा मिनिटं मशीन बंद, जमिनीवर चालायचं. उंबरा जमिनीवरच ओलांडायचा असतो.

दुसरी चूक मापाची. रोबोटचा सांधा आणि पेशंटचा गुडघा एका रेषेत नसेल तर पट्टा प्रत्येक पावलाला वर-खाली सरकतो आणि कातडी सोलते. लकव्यात, मणक्याच्या दुखापतीत पायाची जाणीव कमी झालेली किंवा गेलेली असू शकते, मग पेशंट सांगणार कसा? मांडीचं माप टेपनं घ्या, अंदाजानं नको. सेशननंतर पट्ट्याखालची कातडी मी स्वतः बघतो. लाली लवकर गेली नाही तर दुसऱ्या दिवशी मशीन नाही.

मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर आधी मशीन थांबवा, पट्टे सोडा, बसवा आणि बीपी बघा. महिनोन्महिने अंथरुणावर असलेल्यांची हाडं ठिसूळ होतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नका.

हाताच्या रोबोटसाठी रोजचा व्यायाम बंद करू नका. ब्रिटनमधल्या ७७० पेशंटांच्या चाचणीत (२०१९) नेहमीच्या उपचारापेक्षा रोबोटनं हाताची कामं जास्त सुधारली नाहीत. रोबोटच्या सेशननंतर मी अजूनही बटण लावायला देतो.