सट्ट्यात "आता माझा नंबर लागणारच" वाटतंय? मग या चुका टाळा

आयपीएल आली की आमच्या शहापूरच्या कट्ट्यावर चहा कमी आणि सट्ट्याच्या भावाची चर्चा जास्त. गेल्या सीझनला एका मित्राला म्हटलं, बाबा तू दरवेळी मी जिंकलो म्हणतोस, एकदा लिहून तरी ठेव की. त्यानं खरंच दुकानातल्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं. 45 डाव, प्रत्येक शंभराचा, 23 बरोबर, 22 चूक. गडी एकदम खूश, कुंद्याची मिठाई आणतो म्हणाला.

मग बेरीज केली. भाव नव्वद पैशाचा, म्हणजे जिंकलं की 90 येणार आणि हरलं की 100 जाणार. आले 2070, गेले 2200. जास्त वेळा जिंकून गडी 130 रुपयांनी खाली! पहिली चूक हीच, किती वेळा जिंकलो ते मोजायचं आणि भाव विसरायचा. या भावात शंभरपैकी 53 डाव बरोबर आले तर 70 रुपये सुटतात, 52 आले तर 120 जातात. बुकीला मॅच कोण जिंकणार ते कळायची गरजच नाही, दोन्ही बाजूला सारखे पैसे लागले की मधले दहा पैसे त्याचे.

दुसरी चूक, "इतक्या वेळा हरलं, आता तरी येणार". 2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी आठवा, भारत पाचही मॅचचे टॉस हरला, दुबईतल्या फायनलचा धरून वनडेतले सलग 15. असं सलग होण्याची शक्यता 32,768 मध्ये एक, पण म्हणून सोळाव्याला भारताचा चान्स वाढतो असं नाही, तो आपला निम्माच. नाणं काय उधारीची वही ठेवत नाही. (आणि टॉस हरून कप आपणच आणला, ते वेगळं.)

यातूनच डबल करायचं खूळ येतं, आणि सगळ्यात जास्त पोरं इथंच बुडतात. 100 गेले, 200 लावले, मग 400, मग 800, चारही गेले म्हणजे 1500 गेले. पाचव्याला 1600 लावून जिंकलात तरी नव्वदच्या भावानं 1440 च येणार, म्हणजे जिंकूनसुद्धा 60 कमीच. सलग सात गेले तर आठव्याला 12,800 लावावे लागतात आणि तो जिंकला तरी 1180 चा खड्डा राहतोच, आणि एवढे पैसे आणायचे कुठून, भिशीतून?

टेलिग्रामवरच्या "फिक्स रिपोर्ट"वाल्याचं गणित तर सोपं आहे. 800 जणांतल्या निम्म्यांना एक टीम सांगायची, निम्म्यांना दुसरी, चुकले ते सोडून द्यायचे. तीन मॅचनंतर 100 जण असे उरतात ज्यांना वाटतं ह्याची आतून सेटिंग आहे, मग चौथ्याला फी.

लेस्टर सिटी 2016 ला पाच हजाराच्या भावात (एक लावला तर पाच हजार) इंग्लंडची फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली हे सगळ्यांना पाठ असतं, पण दरवर्षी दुसऱ्या लिंबूटिंबू टीमवर लावून बसलेल्यांचं नाव कोण काढतंय.

आणि सट्ट्याच्या ऑनलाइन खात्यात, म्हणजे आयडीत, पैसे अडकलेत, "आधी टॅक्स भरा मग विड्रॉल" असा मेसेज आलाय? एक रुपया भरू नका, तेही जाणार. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी घातलीय आणि गल्लीतला बुकी तर आधीपासूनच बेकायदा, म्हणून वसुलीला कुणाच्या दारात जायची पंचाईत. कर्ज झालंय, झोप उडालीय, घरी सांगता येत नाही, असं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे.

मित्रानं वहीतलं ते पान फाडलं, वहिनीच्या हाताला लागू नये म्हणून. पण दुकानातल्या कॅलेंडरवर मी पेनानं मोठ्ठा 130 लिहून ठेवलाय आणि कुणी विचारलं की तो म्हणतो, साखरेचा हिशोब हाय.