बांधकाम चालू असताना बदल सांगायचाय? मग असा सांगा

इतकी वर्षं साइटवर उभं राहून सांगतो, मालकाने बदल मागण्यात चूक काहीच नाही, पैसा त्याचा, राहणार तो, आणि नकाशात ऐसपैस वाटलेली खोली भिंती उभ्या राहिल्या की लहान वाटते हे सगळ्यांचंच होतं. काम बिघडतं ते बदल कधी आणि कसा सांगितला यावर.

आता बाथरूमचंच घ्या. "फक्त त्या कोपऱ्यात घ्या ना" एवढंच वाक्य असतं. ड्रॉइंगवर असताना ही रेघ हलवायला फार काही लागत नाही. पण बाथरूमखालचा स्लॅब आधीच खाली घेतलेला असतो, पाइपचा उतार डक्टकडे, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या मोकळ्या जागेकडे, धरलेला असतो, वॉटरप्रूफिंग तेवढ्याच जागेत. स्लॅब भरल्यावर हलवायचं म्हणजे एकतर फ्लोअर उचला नाहीतर काँक्रीट कापा, आणि कापायचं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नीसुद्धा लावू नका. तोवर प्लंबर थांबतो, टाइल्सवाला दुसऱ्या साइटवर जातो आणि आपल्याला हवा तेव्हा परत येत नाही. हे वाया गेलेले दिवस बदलाच्या बिलात दिसत नाहीत, पण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात.

म्हणून बदल कुठल्या कामाच्या आधी हवा ते बघा. कॉलम, बीम, वाढीव मजला असलं सगळं पायाच्या आधी. स्लॅब भरायच्या आधी बाथरूमच्या जागा, डक्ट, पंख्याचे बॉक्स. खिडक्या-दरवाजे वीटकामाच्या आधी, तेव्हा विटांचा पहिलाच थर लावून घ्या, त्यात स्वतः उभे राहा, पलंग-कपाटाची मापं टेपने जमिनीवर आखा, निम्मे बदल तिथेच सुचतात आणि जवळजवळ फुकटात होतात. स्विचचे पॉइंट प्लास्टरच्या आधी खडूने भिंतीवर मारून घ्या.

दुसरं, तोंडी काही नको, प्लीज. मालक मिस्त्रीला फोनवर एक सांगतो, घरातलं कुणी इलेक्ट्रिशियनला दुसरंच सांगतं, शेवटी बिलाच्या वेळी भांडण. सांगणारा एकच माणूस ठरवा. एका कागदावर काय बदलायचं, पैसे किती वाढणार, रद्द झालेल्या कामाचे किती वजा होणार, दिवस किती वाढणार, आणखी कुणाचं काम अडणार एवढं लिहा आणि सही झाल्यावरच हात लावू द्या. मोठ्या प्रोजेक्टमध्येही हेच असतं, फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या नमुना करारात तर जादा वेळ किंवा पैसे हवे असतील तर कॉन्ट्रॅक्टरने कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत नोटीस द्यायची अशी अटच आहे.

उशिरा केलेला बदल मोठ्या कामातही कसा महागात पडतो ते बघा. सिडनी ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा ड्रॉइंग पूर्ण नव्हती. मोठा हॉल आधी ऑपेरा आणि संगीत दोन्हीसाठी होता, मग फक्त संगीतासाठी ठरला आणि बसवलेली स्टेजची यंत्रं काढून टाकावी लागली. सगळा उशीर काही यानेच झाला नाही, छताचं डिझाइनही अवघड होतं, पण ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि १९६३ ला उघडायची इमारत १९७३ ला उघडली. बसवलेलं काढायला लागणं, माझ्या मनाला यात सगळ्यात जास्त तेच लागतं.

आणि हो, टाइल्स निवडायला महिना लावणं हाही बदलच आहे, ड्रॉइंग तेच राहतं पण काम अडतं. बजेटमधले ५ ते १० टक्के बाजूला ठेवा, बदलाचे पैसे त्यातूनच द्या, ते संपले की नवा बदल म्हणजे जुनं काहीतरी कमी करायचं.

रोज एकेक सांगू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा, सगळे बदल त्या दिवशी एकत्र बसून बघा, आणि सही होईपर्यंत काम जुन्या ड्रॉइंगप्रमाणे चालू ठेवा, ज्या जागेचा वाद आहे तेवढीच सोडून.