जुलै महिन्यात निभावेल एवढाच गिटारसंग्रह

गिटारवर पोट भरणाऱ्या माणसाच्या घरी किती गिटारी असाव्यात, हा प्रश्न मला विद्यार्थीही विचारतात आणि नातेवाईकही. फक्त दोघांचा सूर वेगळा असतो. माझे उत्तर मात्र दोघांसाठी एकच आहे. मुंबईत राहून जुलै महिन्यात जितक्या गिटारींची निगा स्वतःच्या हाताने राखता येते, तितक्याच घ्याव्यात. माझ्याकडे आज सात आहेत. एके काळी अकरा होत्या, आणि उरलेल्या चार का गेल्या हे पुढे ओघाने येईलच.

संग्रहाची सुरुवात आवडीपासून न करता कामापासून करावी. रेकॉर्डिंगला बोलावताना अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बसवणारा, गिटारचे मॉडेल क्वचितच सांगतो. तो म्हणतो, ‘जरा करकरीत हवी’ किंवा ‘जाड, गोल आवाज दे’. यातला करकरीत आवाज बहुधा सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपचा (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकाचा) असतो आणि जाड आवाज हंबकरचा, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा. फेंडर कंपनीची पहिली सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव अंगाची, गिटार १९५० साली बाजारात आली, १९५१ मध्ये तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. या दोन्हींची तारेची लांबी, म्हणजे स्केल, साडेपंचवीस इंच असते. गिब्सनची लेस पॉल १९५२ सालची असून तिच्यावर हंबकर आले ते १९५७ पासून, आणि तिची स्केल पाऊण इंचाने कमी, म्हणजे पावणेपंचवीस इंच आहे. हा पाऊण इंच कागदावर क्षुल्लक वाटतो, पण त्यामुळे त्याच जाडीच्या तारा हाताला सैल लागतात, मींड ओढणे सोपे जाते आणि खर्जाची तार थोडी ढिली वाजते. म्हणून दोन इलेक्ट्रिक गिटारी घ्यायच्या असतील तर त्या दोन वेगळ्या स्केलच्या आणि दोन वेगळ्या पिकअपच्या असाव्यात. त्यांच्या जोडीला स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक आणि नायलॉनची एक गिटार असली, की महिन्यातील बहुतेक कामे उरकतात. बारा तारांची गिटार सुंदर असते, पण तिचे काम वर्षातून तीन-चार वेळाच निघते. ती मित्राकडे असलेली बरी.

यानंतर ज्या गिटारींचा मोह पडतो त्या सिग्नेचर गिटारी, म्हणजे एखाद्या नामवंत वादकाच्या नावाने आणि त्याच्या मागणीप्रमाणे बनवलेली मॉडेले. अशी गिटार घेताना डोक्यावरची सही पाहण्याआधी त्या वादकाची अडचण काय होती ते पाहावे, कारण प्रत्येक चांगले सिग्नेचर मॉडेल हे कोणत्या तरी अडचणीवर काढलेली वाट असते. बी. बी. किंग यांना पोकळ अंगाच्या गिटारचा गोडवा हवा होता, पण मोठ्या आवाजात ती शिट्ट्या मारू लागे. म्हणून गिब्सनने १९८० मध्ये काढलेल्या ‘ल्युसील’ मॉडेलच्या अंगावर नेहमीची एफ आकाराची छिद्रेच ठेवली नाहीत. एरिक क्लॅप्टन यांना स्ट्रॅटोकास्टरचा हात सोडायचा नव्हता, पण आवाजाला अधिक भरीवपणा हवा होता. १९८८ साली आलेल्या त्यांच्या मॉडेलमध्ये त्यासाठी बॅटरीवर चालणारे आणि मधल्या पट्टीतला आवाज उचलणारे सर्किट बसवलेले आहे. स्टीव्ह वाय यांच्यासाठी आयबानेझने १९८७ मध्ये काढलेल्या ‘जेम’ मॉडेलला २४ फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आहेत, कंपनाचा दांडा वरही ओढता यावा म्हणून ब्रिजखाली, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात त्याखाली, खोल खाच आहे, आणि गिटार उचलायला चक्क अंगात कोरलेली मूठ आहे. आता आपण लग्नाच्या वाद्यवृंदात साथ करतो, की मराठी नाटकाच्या पार्श्वसंगीतात शांत आर्पेजिओ, म्हणजे एकेक सुटा स्वर, वाजवतो, याचा विचार केला तर यांपैकी कोणाची अडचण आपली आहे हे लगेच कळते. माझ्या संग्रहात एकच सिग्नेचर मॉडेल उरले आहे, आणि ते केवळ त्याच्या नेकच्या, म्हणजे मानेच्या, आकारामुळे. माझा अंगठा आखूड आहे आणि तो नेक त्याला पुरतो.

आवडती गिटार ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि ती दुकानात मिळत नाही. क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, त्यांतल्या काही मित्रांना वाटल्या आणि तिघींचे चांगले भाग जोडून ‘ब्लॅकी’ तयार केली. २००४ साली तिला लिलावात ९,५९,५०० डॉलर मिळाले. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने घरीच ‘रेड स्पेशल’ बनवायला घेतली, आणि तिच्या नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. या गोष्टी सांगण्याचा हेतू एवढाच, की संग्रहात एक जागा अशा गिटारसाठी मोकळी ठेवावी, जिच्यावर आपण शिकलो किंवा जी आपण बदलत बदलत आपलीशी केली. माझी ती जागा कोलकात्यात बनलेल्या एका साध्या प्लायच्या गिटारने घेतली आहे. तिचा आवाज रेकॉर्डिंगच्या लायकीचा नाही, पण नवी चाल सुचते ती बहुतेक वेळा तिच्यावरच.

गिटार पारखण्यासाठी दुकानात भरपूर वेळ काढून जावे. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या १८६५ पासून चालत आलेल्या दुकानात जा किंवा एखाद्या वादकाच्या घरी जुनी गिटार पाहायला जा, परीक्षा तीच असते. प्रथम गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून नेकची रेषा पाहावी. मग सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार पहिल्या फ्रेटवर आणि अंग-नेकच्या सांध्याजवळच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघावे. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट असेल तर ठीक. त्याहून खूप अधिक असेल आणि विक्रेता ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक सुधारणारी सळई, फिरवून दाखवायला कां-कूं करत असेल, तर तो रॉड अडकलेला असण्याची शक्यता धरावी. त्यानंतर प्रत्येक तारेवरचा प्रत्येक स्वर एकदा वाजवावा. दुकानातल्या मुलाला कंटाळा येतो, पण येऊ द्यावा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर, आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. बाराव्या फ्रेटच्या पुढे तार ओढताना स्वर मध्येच गुदमरत असेल, तर फ्रेट घासावे लागणार हे गृहीत धरून किंमत ठरवावी.

जुनी गिटार असेल तर क्रमांक वाचता यायला हवा. गिब्सनने १९७७ पासून बरीच वर्षे आठ आकडी क्रमांक वापरला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होते आणि दुसरा ते चौथा हे आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. म्हणजे गिटारच्या डोक्यामागे ९२०४५३१२ असे कोरलेले असेल, तर ९ आणि ५ वरून १९९५ साल आणि २०४ वरून वर्षाचा २०४ वा दिवस, अर्थात २३ जुलै, असा अर्थ निघतो. मेक्सिकोत बनलेल्या फेंडरवर एमएन ९ अशी सुरुवात असेल तर ती १९९९ च्या सुमाराची. मात्र क्रमांक बरोबर आहे म्हणून गिटार खरी, असे समजू नये. नकली गिटार बनवणाऱ्यालाही आकडे कोरता येतात. क्रमांक, डोक्याचा आकार, पोकळीच्या आतले सोल्डरिंग आणि विकणाऱ्याची हकिकत या चारही गोष्टींचा मेळ बसला पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे येतो. अकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती कित्येक दिवस ८० च्या वरच असते. अशा हवेत लाकूड पाणी पिऊन फुगते. हलक्या तारा चढवलेल्या अकूस्टिक गिटारवर सुमारे ७० किलोचा ताण असतोच. त्यात वरची फळी ओलाव्याने नरम पडली, की ब्रिजमागे पोट सुटते आणि तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे नेकवरच्या बोटे टेकायच्या पट्टीपासून, वर जातात. माझी पहिली चांगली अकूस्टिक मी माळ्यावर तारा पूर्ण ताणून ठेवली होती, आणि ऑगस्टच्या अखेरीस तिची केस, म्हणजे पेटी, उघडली तेव्हा ब्रिजची मागची कड कागद सरकेल इतकी सुटलेली होती. त्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या दोन गिटारींच्या पाठीवर ओलीचे डाग पडले आणि एकीच्या चामडी केसला हिरवी बुरशी आली. त्या तिन्ही मी दुरुस्त करून, दोष सांगून, विकल्या. चौथी बारा तारांची होती, तिचे पुढे सांगतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व गिटारी भिंतीवरून आणि स्टँडवरून उतरून घट्ट बंद होणाऱ्या हार्ड केसमध्ये जातात आणि केस घराच्या आतल्या, कोरड्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंचीवर उभ्या राहतात. प्रत्येक केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुरचुंड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक असतो. हा मापक काहीशे रुपयांत मिळतो, पण तो खरे बोलतो की नाही हे आधी तपासावे. एका बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी टाकावे. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळू नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर असला पाहिजे. माझा एक मापक ६८ दाखवतो, म्हणून त्याच्यावर मी ‘अधिक ७’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. सिलिका जेलच्या मण्यांचा रंग बदलला, की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र त्यासाठी स्वयंपाकातली कढई घेऊ नये, कारण रंगीत मण्यांतली रसायने पोटात जाण्याजोगी नसतात. डांबरगोळ्या केसमध्ये कधीही टाकू नयेत.

एक चूक इथे आवर्जून सांगतो, कारण ती दर वर्षी होताना दिसते. पावसाळ्यात ॲक्शन, म्हणजे तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची, वाढली की लोक गिटार घेऊन धावत जातात आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती हाडाची पट्टी, घासून घेतात. जानेवारीत हवा कोरडी झाली, फळी खाली बसली, की तीच गिटार प्रत्येक फ्रेटवर खुळखुळू लागते, आणि घासलेले हाड काही परत येत नाही. ट्रस रॉडही इथे उपयोगी नाही. तो नेकचा बाक सुधारतो, फुगलेल्या पोटाला त्याचा इलाज नाही. त्यापेक्षा आधी आठवडाभर गिटार कोरड्या जागेत ठेवून पाहावी, आणि तरीही ॲक्शन उतरली नाही तर पावसाळ्यापुरते वेगळे, थोडे बुटके सॅडल करून घ्यावे. माझ्या दोन्ही अकूस्टिकच्या केसमध्ये असे एकेक जादा हाड कागदात गुंडाळून ठेवलेले आहे.

इलेक्ट्रिक गिटारी तुलनेने सोशिक असतात. त्यांच्या तारा, पिकअपचे स्क्रू आणि जॅक समुद्राच्या हवेने गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणे आणि लेप असलेल्या तारा वापरणे एवढे पुष्कळ होते. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार असेल तर रबराच्या स्टँडवर ती ठेवू नये. रबर त्या लॅकरला चिकटून डाग पाडते. परदेशातून अँप्लिफायर आणला तर तो किती व्होल्टचा आहे ते पाहिल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये. अमेरिकेतला अँप १२० व्होल्टचा असतो आणि एका क्षणात धूर काढतो.

शेवटचे काम कंटाळवाणे पण अटळ, ते म्हणजे वही. प्रत्येक गिटारचे एक पान करावे आणि त्यावर क्रमांक, खरेदीची पावती, चारही बाजूंचे फोटो, तारांची जाडी, तारा बदलल्याची तारीख आणि ती कोणत्या कामाला नेली याची नोंद असावी. परदेशी कार्यक्रमाला जाताना हीच वही उपयोगी पडते, कारण विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेताना क्रमांक द्यावा लागतो. ते जवळ असले, की परतताना आपल्याच गिटारवर शुल्क भरण्याची वेळ येत नाही. लाकडाचीही नोंद करावी. ज्याला आपण शिसव म्हणतो, ज्याचे पलंग आणि देव्हारे आपल्या जुन्या घरांत आहेत, तेच लाकूड जगभर गिटारच्या पाठीला आणि फिंगरबोर्डला वापरले जाते. मार्टिन कंपनी तर १९६९ पासून ब्राझीलच्या शिसवाऐवजी भारतीय शिसवाकडे वळली. ब्राझीलचे शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारातून जवळजवळ बाद आहे, म्हणून तशा जुन्या गिटारसह सीमा ओलांडायची असेल तर कागदपत्रे आधी तयार ठेवावीत. शहरात फिरताना मात्र कागदांचा त्रास नाही, जागेचा आहे. सकाळी नऊच्या लोकलमध्ये हार्ड केस घेऊन चढू नये. मालडबा गाठावा, किंवा रेकॉर्डिंगची वेळ अकरानंतरची मागून घ्यावी.

दर मार्चमध्ये मी ती वही चाळतो आणि ज्या पानावर वर्षभरात तारा बदलल्याची नोंद नाही, ती गिटार ठेवायची की नाही याचा निर्णय पावसाच्या आधी घेतो. पिंक फ्लॉइड बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांनी २०१९ मध्ये आपल्या १२० हून अधिक गिटारी लिलावात काढल्या आणि त्यांची काळी स्ट्रॅटोकास्टर, ‘ब्लॅक स्ट्रॅट’, एकटीच ३९,७५,००० डॉलरना गेली. आपल्या व्यवहारात शून्ये बरीच कमी असतात, पण हात सुटताना तितकाच जड होतो. माझी बारा तारांची गिटार अशीच एका मार्चमध्ये गेली. ती पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने घेतली, तिथली हवा तिला मानवली, आणि बारा तारांचे काम निघाले, की तो ती घेऊन सकाळी डेक्कन क्वीनने दादरला उतरतो.