थेंबाच्या आवाजावरून पाऊस मोजताना: माझा अनुभव

पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला आतून पिझो चकती (ठोका बसला की किंचित वीज देणारी) चिकटवली, तारा मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपला, जोडल्या आणि वाटलं, झालं पर्जन्यमापक! पहिल्याच सरीत आकडे असे काही धावले की विचारू नका. शेजारी ठेवलेल्या सरळ भिंतीच्या बरणीत मात्र जेमतेम ४ मिमी पाणी.

मग ड्रॉपरने एकेक थेंब टाकून पाहिला. एका थेंबाला नोंदी पाच! झाकण घंटेसारखं घुमत होतं आणि प्रत्येक कंप नवा थेंब म्हणून मोजला जात होता. पत्रा काढून जाड प्लास्टिक बसवलं, त्याखाली स्पंज दाबला, आणि एका ठोक्यानंतर २० मिलिसेकंद कान बंद ठेवायला प्रोग्रॅमला सांगितलं. आता एका थेंबाला एकच नोंद.

तरी हिशोब जुळेना. चूक माझ्याच डोक्यात होती: मी थेंब मोजत होतो, पाणी नाही. व्यास दुप्पट झाला की थेंबात पाणी आठपट असतं, शिवाय मोठा थेंब पडतोही जास्त वेगाने. म्हणून नुसती संख्या सोडून प्रत्येक ठोक्याची तीव्रता नोंदवली आणि सात-आठ सरी बरणीतल्या पाण्याशी ताडून गुणक बसवला. बरणीवर फूटपट्टी चिकटवली होती, एवढंच काय ते यंत्र.

जोरदार पावसात आता आकडे बऱ्यापैकी जुळतात. भुरभुर मात्र अजूनही ऐकूच येत नाही. तिच्यासाठी बरणी आहेच.